कानस घेऊन बसलेला माणूस

श्रमाची किंमत आवाजावरून ठरवण्याची पद्धत फार जुनी असली, तरी तिचे अस्सल रूप पाहायचे झाल्यास ते कोकणातल्या एखाद्या वाडीत, आडव्या पडलेल्या फणसाच्या खोडाशेजारी पाहायला मिळते. पेट्रोलवर चालणारी करवत जोवर धूर ओकत किंचाळत असते, तोवर काम जोरात चालले आहे अशी बागायतदाराची खात्री असते. पण करवत बंद करून कामगार ओंडक्यावर बसला आणि त्याने पिशवीतून गोल कानस बाहेर काढली, की त्याच बागायतदाराच्या डोक्यात मजुरीचा हिशेब सुरू होतो आणि पडवीतून अर्थपूर्ण खाकरणे ऐकू येते. वास्तविक दिवसभरातले सर्वांत मोलाचे काम नेमके त्याच क्षणी सुरू झालेले असते. चेनसॉच्या साखळीला धार कशी लावावी हा विषय तांत्रिक मानला जातो आणि तो तसा आहेही. परंतु धार का लावली जात नाही, याची कारणे मात्र जवळजवळ सगळीच सामाजिक आहेत.

चेनसॉ म्हणजे लांबट पोलादी पट्टीभोवती फिरणाऱ्या दातेरी साखळीची यांत्रिक करवत. बोलण्यात तिला कोणी 'कटर' म्हणतात, कोणी नुसतेच 'मशीन'. तिच्या साखळीला मात्र सगळे 'चेन'च म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत नारळ-पोफळीच्या वाड्या, आंबे आणि रस्त्याकडेची जुनी झाडे आडवी झाली, पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा घराच्या कौलांवर पडलेला माड कोयत्याने तोडत बसणे किती दिवसांचे काम आहे हे पुष्कळांना कळले. अशा प्रसंगी गावातले एकुलते एक मशीन या वाडीतून त्या वाडीत फिरत राहते. मागून आणलेले मशीन परत करताना टाकी पेट्रोलने भरून देण्याचा शिष्टाचार कोकणात कसोशीने पाळला जातो, पण चेनला धार लावून देण्याचा शिष्टाचार अद्याप रूढ झालेला नाही. याचे कारण उघड आहे: टाकीतले पेट्रोल दिसते, दाताची धार दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कोणी आभार मानत नाही.

चेनची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन निरर्थक ठरेल. रिव्हेटांनी एकमेकींत गुंफलेल्या कड्यांचे ते एक अखंड वर्तुळ असते. त्यांतील काही कड्यांचे खालचे टोक पट्टीच्या खाचेत उतरलेले असते आणि इंजिनाच्या बाजूचे दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, याच कड्यांना धरून संपूर्ण चेन ओढते. त्यांना ओढकड्या म्हणता येईल. उरलेल्या कड्यांपैकी काही नुसत्या जोडपट्ट्या असतात आणि काहींवर दात असतात, तेही एक डावा, एक उजवा असे आळीपाळीने. चेनचे माप तीन गोष्टींवरून ठरते. पहिली पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे. दोनच रिव्हेट मोजून चालत नाही, कारण ओढकडीवरील अंतर आणि जोडपट्टीवरील अंतर सारखे नसते. दुसरी ओढकडीची जाडी, जी पट्टीच्या खाचेशी जुळावी लागते आणि बहुधा १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. तिसरी ओढकड्यांची एकूण संख्या. नवी चेन घ्यायला दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाने या तीन गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक आधी दोन्ही हात पसरून लांबी दाखवते आणि दुकानदाराचे तेवढ्याने समाधान झाले नाही, तर मशीनचा रंग सांगते.

दाताचा आजचा आकार माणसाला एका अळीने शिकवला. पूर्वीच्या चेनचे दात हातकरवतीच्या दातांप्रमाणे टोकदार असत, ते लाकूड कापण्यापेक्षा ओरबाडत आणि वारंवार कानस मागत. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याचे लक्ष एका बुंध्यातल्या भुंगेऱ्याच्या अळीकडे गेले. ही अळी लाकडाच्या रेषांना आडवी असो की त्यांच्या बाजूने, सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती, कारण तिचे आत वळलेले जबडे एक घास डावीकडून आणि एक उजवीकडून घेत होते. कॉक्सने तोच आकार पोलादात उतरवला, १९४७ साली तशी चेन विक्रीला आणली आणि आजही जगभरातल्या बहुतेक चेनचे दात त्याच कुळातले आहेत. आंब्याच्या खोडातली अळी कोकणातला बागायतदारही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. मात्र त्याने तारेच्या आकड्याने ती बाहेर ओढली, भोकात औषधाचा बोळा कोंबला आणि वरून चिखल लिंपला. एकाच प्रकारच्या प्राण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींमुळे तिकडे कारखाना उभा राहिला आणि इकडे आंबा उभा राहिला, आणि यांपैकी कोणाचे चुकले असे म्हणता येत नाही.

या आकाराच्या दाताला दोन धारा असतात: बाजूची उभी धार लाकडाचे तंतू तोडते आणि वरची आडवी धार तुटलेला भाग उचलून ढलपीच्या रूपाने बाहेर फेकते. दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला कारागीर 'रेकर' म्हणतात. तो स्वतः काहीच कापत नाही. दाताने एका वेळी किती खोल घास घ्यायचा एवढेच तो ठरवतो. दाताचे टोक आणि रेकर यांच्या उंचीतील फरक साधारणपणे ०.६५ मिलिमीटर असावा लागतो, आणि या एवढ्याशा फरकावर पुढचे बरेच सुखदुःख अवलंबून असते.

दात बोथट होण्याची कारणे लाकडात कमी आणि लाकडाच्या आसपास अधिक असतात. सागात नैसर्गिक सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, असते आणि माडाच्या खोडाचा बाहेरचा थर गाभ्यापेक्षा कितीतरी कठीण असतो, हे खरे. पण चेनचा मुख्य शत्रू जमीन हाच होय. आडवे पडलेले खोड कापताना शेवटची दोन बोटे उरली, की ओंडका फिरवून वरून कापण्याचा कंटाळा येतो, चेन खालच्या जांभ्याला निमिषभर टेकते आणि सकाळी लावलेली धार तेवढ्यात संपते. दुसरा शत्रू खिळा. झाडाला ठोकलेला खिळा दरवर्षी वाढणाऱ्या लाकडात हळूहळू बुडत जातो आणि ज्याने तो ठोकला त्याच्या विस्मृतीत तो त्याहूनही लवकर बुडतो. मग कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी मारलेला खिळा, निवडणुकीच्या फलकासाठी मारलेला खिळा आणि कोणाचे तरी वाईट व्हावे म्हणून लिंबू-बाहुलीसह मारलेला खिळा हे सगळे चेनला एकाच बुंध्यात भेटतात. त्यातली करणी खोटी ठरते, खिळा मात्र खरा निघतो.

चेन बोथट झाल्याचे निदान करण्यास तज्ज्ञाची गरज नसते, कारण करवत तिचा अहवाल अखंडपणे जमिनीवर टाकत असते. धारदार चेन लाकडात आपणहून शिरते आणि खाली जाड, चौकोनी ढलप्या पडतात. बोथट चेनखाली पिठासारखा बारीक भुसा जमतो आणि ती पुढे सरकावी म्हणून वरून जोर द्यावा लागतो. इतका स्पष्ट पुरावा समोर पडलेला असूनही तो वाचला जात नाही, कारण बोथटपणाचे कारण चेनपासून जितके दूर शोधता येईल तितके शोधावे, अशी मानवी मनाची धाटणी आहे. पहिला आरोप लाकडावर होतो: फणस जून आहे. दुसरा आरोप पंपावर होतो: पेट्रोलात भेसळ आहे. तिसऱ्या पायरीवर कोणीतरी पेचकस मागवतो आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू, ज्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नसतो, तो अर्धा फेरा फिरवतो. चौथ्या पायरीवर माणूस बदलला जातो. बारीक अंगाच्या कामगाराच्या हातून मशीन घेऊन ते धट्टाकट्ट्या माणसाकडे दिले जाते आणि तो अंगचे सगळे वजन पट्टीवर टाकतो. शेवटी खाचेतून धूर निघून लाकूड करपल्याचा वास आला, की मशीन तापले आहे यावर सर्वांचे एकमत होते. मग सगळे थांबतात, चहा मागवतात, आणि धार लावायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच वेळ सत्कारणी लावून त्याच बोथट चेनने नव्या उमेदीने सुरुवात करतात.

प्रत्यक्ष धार लावण्याचे शास्त्र सोपे आहे. फक्त त्याला क्रम आहे. इंजिन बंद असणे ही पहिली अट असून ती लिहावी लागते याचेच आश्चर्य वाटायला हवे. मशीन गार झाल्यावर स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी आणि मशीन बॅटरीवरचे असेल तर बॅटरीच काढावी. हातांत जाड मोजे असावेत, कारण थांबलेल्या चेनचे दातही दातच असतात आणि धार लागत जाते तसतसा हा मुद्दा अधिकाधिक पटत जातो. पट्टी बाकाच्या शेगड्यात किंवा लाकडात ठोकायच्या छोट्या शेगड्यात घट्ट पकडावी. ती दोन गुडघ्यांत धरण्याची पद्धत लोकप्रिय असली, तरी गुडघ्यांच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येत नाही. दात घासताना चेनचा ब्रेक लावून ठेवावा, म्हणजे चेन जागची हलत नाही, आणि पुढचे दात समोर आणण्यापुरताच तो सोडावा. कानशीला लाकडी मूठ असावी, कारण तिचे मागचे निमुळते टोक तळहातात शिरण्यास नेहमीच तयार असते. कानशीची जाडी पिचवर ठरते: ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची आणि छोट्या मशीनवरील ३/८ इंचाच्या बुटक्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. घरात जी कानस आहे तीच योग्य होय असे मानणारा एक संप्रदाय आहे, आणि त्याच्या अनुयायांच्या चेन दुरूनही ओळखता येतात.

कानस दाताच्या पोटात अशी ठेवावी, की तिच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसत राहील. पट्टीच्या आडव्या रेषेशी कोन बहुतेक चेनना ३० अंशांचा लागतो आणि पुष्कळ उत्पादक दाताच्या माथ्यावर तशी रेघच कोरून देतात. दाब फक्त पुढे ढकलताना, दाताच्या आतून बाहेर द्यावा आणि परतताना कानस उचलून घ्यावी, कारण कानस एकाच दिशेने कापते आणि परतीच्या वाटेवर ती घासली तर तिचेच दात झिजतात. आता हिशेब पाहावा. १८ इंची पट्टीवर बसणाऱ्या ७२ ओढकड्यांच्या चेनला ३६ दात असतात, १८ डावे आणि १८ उजवे. प्रत्येकाला तीन हात मारले तर एकूण १०८ होतात. म्हणजे ही एक माळ झाली. माळ वर्तुळाकार असल्याने सुरुवात कोठे झाली हे विसरण्याची शक्यता जपाइतकीच येथेही असते, म्हणून पहिल्या दाताला खडूने खूण करून त्याला मेरुमणी ठरवावे, आधी एका बाजूचे सगळे दात घासावेत, मग शेगड्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उरलेली अर्धी माळ ओढावी. फरक एवढाच, की या जपात मन भरकटले तर त्याची नोंद होते. उजव्या हाताच्या माणसाला एका बाजूचे दात सोयीचे पडतात आणि दुसऱ्या बाजूचे तो उरकून टाकतो. मग करवत जास्त धारदार दातांच्या बाजूला वळत जाते आणि सरळ धरलेल्या मशीनने तिरके ओंडके पडू लागतात. त्या वेळीही दोष फणसाला दिला जातो.

धार लागली की नाही हे पाहण्यासाठी दात उन्हात धरून त्याच्या कडेकडे निरखून पाहावे. कड बोथट असेल तर तिच्यावर केसासारखी पांढरी रेघ चमकते, कारण झिजून सपाट झालेल्या त्या चिंचोळ्या जागेवरून ऊन परतते. कड खरोखर धारदार असेल तर ऊन परतायला तेथे जागाच नसते आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही. कारागिराच्या पदरी पडणारे हे फळ मोठे विचित्र आहे. इतक्या खटाटोपानंतर मालकाला बोलावून दाखवायचे म्हटले, तर दाखवण्याजोगी एकमेव गोष्ट म्हणजे ती पांढरी रेघ आता नाही.

दाताचा माथा मागच्या बाजूला उतरता असल्याने कानशीने दात जसजसा मागे सरतो, तसतसा तो बुटकाही होतो आणि रेकर मात्र आहे तेवढाच राहतो. परिणामी काही वेळा धार लावल्यावर दात उत्तम, पण घास शून्य, अशी अवस्था येते. मग मापपट्टी ठेवून रेकर चपट्या कानशीने उतरवावा लागतो. येथे काही महत्त्वाकांक्षी मंडळींना असे सुचते, की रेकर थोडा उतरवल्याने करवत वेगाने कापत असेल, तर पुष्कळ उतरवल्याने पुष्कळ वेगाने कापेल. अशी करवत लाकडात हिसके मारत शिरते, अडकते, आणि धरणाऱ्याच्या खांद्यांना तर्कशास्त्रातील ही चूक समजावून सांगते. दुसरा पंथ ग्राइंडरवाल्यांचा. ज्यांना १०८ हात मारण्याचा धीर नसतो, ते वेल्डिंगच्या दुकानातला हातग्राइंडर दातांवर फिरवतात. ठिणग्या उडतात, बघ्यांवर छाप पडते, आणि दात तापून निळा पडला की पोलादाचे पाणी उतरते. असा दात पहिल्या दोन कापांत झकास चालतो आणि नंतर फक्त सोबत करतो.

तेल आणि ताण या दोन गोष्टींचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. चेनच्या तेलाची टाकी वेगळी असते आणि ती पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी भरायची असते. तिच्यात मोटारसायकलचे जळके काळे ऑइल ओतणाऱ्यास आपण काटकसर केली असे वाटते, वस्तुतः त्याने धातूचा चुरा असलेले घातक द्रव्य पट्टीवर आणि स्वतःच्या अंगावर शिंपडण्याची सोय केलेली असते. ताण इतका असावा, की चेन पट्टीच्या खालच्या कडेला लोंबणार नाही, पण मोजा घातलेल्या हाताने ओढली तर सरकेल. तापल्यावर चेन लांबते, म्हणून काम करताना ती आवळलेली असेल तर काम संपताच सैल करावी, नाहीतर निवताना ती आखडून पट्टी आणि शाफ्ट यांच्यावर राग काढते.

बोथट करवत धारदार करवतीपेक्षा निरुपद्रवी असते, हा समज सर्वांत प्रचलित आणि सर्वांत धोकादायक आहे. बोथट चेनची कमतरता माणूस स्वतःच्या वजनाने भरून काढतो, आणि ओंडका एकदम तुटला की ते वजन जिथे जायचे तिथे जाते. शिवाय पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग फांदीला किंवा दुसऱ्या ओंडक्याला लागला, तर सगळी करवत क्षणार्धात उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. याला किकबॅक म्हणतात. पुढचा ब्रेक त्यासाठीच असतो, पण दमलेल्या हातांना आणि वैतागलेल्या मनाला टोक कोठे आहे याचे भान राहत नाही, आणि दमणे व वैतागणे या दोन्ही गोष्टी बोथट चेन विनामूल्य पुरवते. हेल्मेट, चष्मा, कानांवरचे मफ आणि पायांचे संरक्षक कपडे यांची जागा गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या लुंगीने आणि रबरी स्लिपरने घेतलेली असेल, तर निदान धार तरी असावी, एवढी माफक अपेक्षा ठेवता येते.

सारांश, ज्ञानाची कमतरता हे या रोगाचे मूळ नाही. दर टाकीमागे एकदा, आणि माती लागली की लगेच, कानस फिरवली पाहिजे हे मशीन चालवणारा प्रत्येक कामगार जाणतो. तो बसत नाही, कारण बसलेला दिसू नये अशी त्याच्या मजुरीची अट आहे. या अटीवर उपाय एकच दिसतो. तोडणीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत 'मजुरी', 'पेट्रोल' आणि 'चहापाणी' यांच्या खाली 'बसणे' अशी एक स्वतंत्र ओळ असावी आणि तिच्यापुढे रोख रक्कम लिहावी. पहिल्या वर्षी बागायतदार ती ओळ लाल पेनने खोडेल. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीतले काम निम्म्या पेट्रोलात आटोपल्याचे त्याच्या कानावर येईल आणि तो ती खोडायची विसरेल. तिसऱ्या वर्षी एखादा नवा, होतकरू मशीनवाला ती ओळ वगळून स्वस्तातला आकडा घेऊन येईल, आणि तेव्हा तोच बागायतदार चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचून, चष्मा काढून, त्याला संशयाने विचारील: "म्हणजे, तू बसणारच नाहीस? मग कापणार कशाने?"